पत्ता परत ठेवून

"काढलेला पत्ता परत ठेवायचा?" आबासाहेब ढाकण्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना उष्ट्या ताटात दुसऱ्याला वाढायला सांगितलं होतं. "आमच्यात असं केलं तर मारामारी हुती, बोरुडे सर."

"हा खेळ नाही, आबा," मी म्हणालो. "हा प्रयोग आहे."

"कसला?"

"संभाव्यतेचा. मी एक पत्ता काढणार, सगळ्यांना दाखवणार, परत कॅटमध्ये ठेवणार. देशमाने सर कॅट पुन्हा पिसतील. मग ढाकणे सर काढणार. म्हणजे दोघांनाही बावन्नच्या बावन्न पत्ते मिळाले. परत नाही ठेवला, तर मला बावन्न आणि त्यांना एक्कावन्न. उद्या कुणी तक्रार केली म्हणजे?"

"कोन करनार? दोघंच तर हायेत."

"दोघांतलाच एक करेल," मी म्हणालो. माझ्या डोळ्यांसमोर मी होतो.

खरं तर पत्ता परत न ठेवताही दोघांची संधी सारखीच असते, हे मला माहीत होतं. पण ते आबांना पटवायला एक तास गेला असता, आणि पत्ता परत ठेवायला दोन सेकंद लागतात. शिवाय नववीला मी तोच धडा शिकवत होतो आणि 'पत्ता परत ठेवून' हे शब्द माझ्या जिभेवर बसले होते.

शनिवार होता. सकाळची शाळा साडेअकराला सुटली होती आणि मुख्याध्यापकांच्या खोलीत आम्ही चौघंच होतो. संस्थेचे अध्यक्ष आबासाहेब ढाकणे. मुख्याध्यापक देशमाने सर, ज्यांनी टेबलावर घरून आणलेला टॉवेल अंथरला होता. शाळेच्या फर्निचरवर पत्ते टाकले असं उद्या कुणी म्हणायला नको. मी, गणिताचा शिक्षक. आणि गणिताचा दुसरा शिक्षक वसंत ढाकणे, आबांचा थोरला मुलगा आणि माझा मित्र. एरवी आम्ही एकमेकांना अरेतुरे करायचो, आबांसमोर मात्र 'सर' व्हायचो.

त्या वर्षी चिंचसावळीच्या शाळेची पटसंख्या घटली आणि वरून कागद आला की इथे गणिताला दोन नाही, एकच शिक्षक मंजूर आहे. उरलेला अतिरिक्त. अतिरिक्ताने देवडोंगरीच्या शाळेत हजर व्हावं. देवडोंगरी जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, एकशे दहा किलोमीटरवर. नियम सोपा होता, जो सेवेत कनिष्ठ तो जाईल. आम्ही दोघं एकाच दिवशी रुजू झालो होतो, मस्टरवर आमच्या सह्या एकाखाली एक होत्या. मग पुढचा नियम, जो वयाने लहान तो जाईल.

माझी जन्मतारीख एक जून एकोणीसशे बहात्तर. वसंतची जन्मतारीख एक जून एकोणीसशे बहात्तर.

यात आश्चर्य वाटायचं कारण नाही. आमच्या पिढीतली खेड्यातली निम्मी मुलं एक जूनला जन्मली आहेत. आई-बापाला तारीख सांगता यायची नाही, दाखल करणाऱ्या गुरुजींना रकाना रिकामा ठेवता यायचा नाही, मग गुरुजी एक जून टाकायचे. शाळा उघडायच्या आत मूल सहा वर्षांचं झालं, काम झालं. माझे गुरुजी वेगळ्या तालुक्यातले, वसंतचे वेगळ्या. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं, पण दोघांचं हस्ताक्षरसुद्धा सारखंच वळणदार होतं.

आम्ही आयांना विचारलं. माझी आई म्हणाली, हादग्याचे दिवस होते. वसंतची आई म्हणाली, संक्रांतीला चार दिवस होते, सुगडं आणायची राहून गेली. त्या हिशोबाने वसंत माझ्याहून आठ-नऊ महिन्यांनी मोठा होता आणि जायची पाळी माझी होती. सुदैवाने देशमाने सरांनी मान हलवली. "आईचं म्हणणं पुराव्यात धरत नाहीत," ते म्हणाले. माझ्या आईला हे मी अजून सांगितलेलं नाही.

मग चिठ्ठ्या टाकायचं निघालं. पण मागे शिपायाच्या जागेसाठी संस्थेने चिठ्ठ्या टाकल्या होत्या, तेव्हा दोन्ही चिठ्ठ्यांवर एकच नाव निघालं होतं, आणि ते नाव आबांच्या मेहुण्याचं होतं. तेव्हापासून गावात चिठ्ठीचं नाव काढलं की लोक हसायचे. तेव्हा वसंतच म्हणाला, "पत्ते काढू. सगळ्यांसमोर. लोकांनी म्हणायला नको की बापानं पोराला ठेवून घेतलं." आबांना ते आवडलं. न्यायी दिसायची संधी त्यांना फार वेळा मिळत नसे. शिवाय पोराच्या नशिबावर त्यांचा भरवसा होता.

माझा मात्र या सगळ्या प्रकारावरच नव्हता. अध्यक्ष बाप, स्पर्धक मुलगा, आणि कॅट त्या मुलानेच नववी ब च्या मागच्या बाकावरून जप्त करून आणलेला. गणिती भाषेत सांगायचं तर माझी शक्यता शून्याच्या इतकी जवळ होती, की दोघांमध्ये कागदसुद्धा सरकला नसता. पण दुसरा उपायही नव्हता.

आणि मला जायचं नव्हतं. माझी बायको मंदाकिनी आरोग्य केंद्रात सिस्टर. लग्नानंतर सात वर्षं ती एका तालुक्यात आणि मी दुसऱ्या. आमची मुलगी केतकी मला 'शनिवारचे पप्पा' म्हणायची. तिला वाटायचं, बाकीच्या वारांचे दुसरे कुणीतरी असतील. सात वर्षं अर्ज करून चार महिन्यांपूर्वी मंदाची बदली चिंचसावळीला झाली होती. चार महिन्यांत केतकी मला नुसतं पप्पा म्हणायला लागली होती. आता एक वाईट पत्ता आला, की पुन्हा शनिवार.

"वाचा नियम," आबा म्हणाले आणि तंबाखू मळायला घेतली.

नियम मी केले होते. देशमाने सरांनी ते प्रार्थनेनंतरची प्रतिज्ञा म्हणतात तसे एका दमात वाचले. प्रत्येकाने एकच पत्ता काढावा. पत्ता परत ठेवून दुसऱ्याने काढावा. पत्त्याची किंमत त्यावरील खुणांइतकी धरावी. गुलाम अकरा, राणी बारा, राजा तेरा. ज्याची किंमत कमी तो अतिरिक्त. बरोबरी झाल्यास पुन्हा काढावे. खाली आम्हा दोघांच्या सह्या होत्या. आबांनी चुना झटकून आपलीही ठोकली.

देशमाने सरांनी कॅट पिसला. त्यांनी जन्मात पत्ते हातात धरलेले नसावेत. परीक्षेचे पेपर चळतीत लावतात तसे ते पत्ते एकसारखे करत राहिले. मग त्यांनी कॅट टॉवेलवर पसरला आणि टॉवेलला हात पुसले.

मी पत्ता ओढला. उलटला.

चौकट दुर्री.

"हात् तिच्या," आबा अगदी मनापासून हळहळले. जिंकणाऱ्या माणसाला तेवढं परवडतं.

पत्ता परत गेला. देशमाने सर पुन्हा चळत लावायला लागले आणि मी मनात मांडणी केली. करायची नव्हती, पण सवय वाईट. दुर्रीहून लहान फक्त एक्का. चार एक्के, बावन्न पत्ते, तेरात एक. वसंतलाही दुर्रीच आली तर बरोबरी, पुन्हा काढायचं. तीही तेरात एक. उरलेल्या तेरातल्या अकरा वेळा मी देवडोंगरीला. मुलांना मी शिकवायचो की संभाव्यता म्हणजे आशेचं माप. त्या दिवशी कळलं की ते माप फार लहान असलं तर उगाच घेऊ नये.

वसंतने हात पुढे केला. कपाळावर घाम होता. त्याने मधला एक पत्ता ओढला, पाहिला आणि टॉवेलवर उताणा टाकला.

इस्पिक एक्का.

"एक्का!" आबांनी टेबलावर अशी थाप मारली की मस्टर खाली पडलं. "म्हनलं नव्हतं? अरे, एक्का! सगळ्यांचा बाप!"

"अभिनंदन, ढाकणे सर," देशमाने सर म्हणाले. नियम त्यांनी वाचले होते, ऐकले नव्हते.

इथे मी तोंड उघडायला हवं होतं. एक्क्यावर खूण एक. एक दोनाहून लहान. मी राहिलो, वसंत गेला, आणि कागदावर त्याच्या बापाची सही आहे. एवढंच बोलायचं होतं. आणि मी ते बोललो नाही.

मला त्या वेळी नेमकं काय झालं हे अजून मला नीट सांगता येत नाही. आबा पोराच्या पाठीवर थोपटत होते. वसंतचा चेहरा पांढरा पडला होता आणि तो माझ्याकडे बघत होता. मला वाटलं, त्याला नियम आठवला आहे आणि आता मी त्याला घराबाहेर काढणार म्हणून तो घाबरला आहे. त्याचं सोळा माणसांचं घर, त्याची आई, शेत, सगळं इथे. आणि मी एका टिंबाच्या जोरावर... मी उदार झालो. पुढेमागे कधी झालो नाही. त्या दिवशी बहुधा सकाळपासून काही खाल्लं नव्हतं.

"बोरुडे सर," वसंत म्हणाला, "काही म्हणायचंय?"

"नाही."

"नक्की?"

"नाही हो. अभिनंदन."

"नियम तुम्ही केलेत."

"हो."

"मग नीट आठवा की."

"आठवले. काही म्हणायचं नाही."

वसंतने माझ्याकडे जसं पाहिलं तसं आजवर कुठल्याही मित्राने मित्राकडे पाहिलं नसेल. त्यात कृतज्ञता अजिबात नव्हती. फळ्यावर सोडवलेलं उदाहरण मुलाने चौथ्यांदा चुकवलं की मी तसा बघतो. मग त्याने देशमाने सरांच्या हातातून कागद जवळजवळ हिसकावून घेतला.

"नियम तिसरा," तो मोठ्याने वाचू लागला. "पत्त्याची किंमत त्यावरील खुणांइतकी धरावी. आबा, या पत्त्यावर खुणा किती आहेत?"

"हाये की एक, मोठ्ठी."

"मोठी असो की बारीक. किती?"

"एक."

"आणि बोरुडे सरांच्या पत्त्यावर?"

आबांची मळलेली तंबाखू तळहातावरच राहिली. "आरं," ते म्हणाले, "तू कुनाकडून बोलतूयास?"

"मी गणिताचा शिक्षक आहे, आबा."

"एक्का राजाला मारतो! पन्नास वर्षं पत्ते खेळतूय मी!"

"तुम्हीच ऐकलंत ना, हा खेळ नाही. प्रयोग आहे."

"मंग पुन्यांदा काढा. हे न्हाई चालायचं."

देशमाने सर खाकरले. बावीस वर्षांच्या मुख्याध्यापकीत त्यांनी अध्यक्षांना विरोध केलेला तो बहुधा एकमेव प्रसंग, आणि तोही कागदाकडे बघून. "आबासाहेब, आपली सही आहे," ते म्हणाले. "काय आहे, मेहुण्यांच्या चिठ्ठीनंतर आता ही सही जर फिरवली..."

ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. तेवढ्या धैर्यावरही त्यांचं ब्लडप्रेशर वाढलं असणार. आबांनी एक्का उलटापालटा करून पाहिला. मग उठले, तंबाखू खिडकीबाहेर टाकली आणि दारात थांबून मला म्हणाले, "तुमच्या गणितातला एक्का लई बारका निगाला, सर."

मी जिंकलो होतो. घरी जाऊन मंदाला सांगितलं, केतकीला उचलून घेतलं, आणि ताटावर बसलो तर घास उतरेना. पुढचे आठ दिवस तीच गत. शाळेत वसंत समोर आला की मी वर्गाच्या दिशेने वळायचो, माझा तास नसला तरी. गावात लोक म्हणत होते, बोरुडे मास्तरानं नियमात पकडून पोराला हाकललं. खरं उलटं होतं, पण कुणाला सांगणार? उदारपणा स्वतःच्या तोंडाने सांगायचा नसतो, आणि वर ज्याच्यावर तो केला त्यानेच तो हाणून पाडलेला.

आठव्या दिवशी वसंत निघाला. निरोपाला न जाणं बरं दिसलं नसतं, म्हणून एस.टी. स्टँडवर गेलो. आबा टपावर ज्वारीची दोन पोती चढवून घेत होते आणि हमालाला सांगत होते, सरकारनं माजं पोरगं नेलं. वसंतची बायको शालन आधीच खिडकीशी जाऊन बसली होती. गाडी सुटायला वीस मिनिटं होती.

वसंतने माझा दंड धरला आणि मला उसाच्या गुऱ्हाळामागे नेलं.

"गाढवा," तो म्हणाला, "त्या दिवशी तोंडाला काय कुलूप लावलं होतंस?"

"वसंता, मला वाटलं तुला..."

"मला काय? मला जायचं होतं!"

त्याने माझा दंड सोडला.

"अरे, आठ वर्षं झाली लग्नाला. आठ वर्षांत शालननं स्वतःच्या मनानं एक भाजी केलेली नाही. आज काय शिजवायचं ते आई ठरवते, आईच्या आधी आत्या ठरवते. मी एकदा वेगळं राहायचं काढलं, तर आबा तीन दिवस जेवले नाहीत. म्हणाले, मी जिता असेपर्यंत या घरात दुसरी चूल पेटणार नाही. मी स्वतःहून बदली मागितली असती, तर तिरडी बांधायला सांगितली असती त्यांनी. पण सरकारनं नेलं, नशिबानं नेलं, तर कुणाला काय बोलणार? मला फक्त सगळ्यांसमोर हरायचं होतं. आणि तू साला दुर्री काढून बसलास!"

"तुला राजा आला असता तर?"

वसंतने शर्टाच्या खिशातून एक पत्ता काढून माझ्या हातात दिला. किलवर सत्ती.

"हा कॅटमध्ये नव्हताच. मनासारखं झालं नसतं तर म्हणणार होतो, पत्ते मोजा. भरले असते एक्कावन्न. निकाल रद्द, पुन्हा काढा."

"आणि पुन्हा जिंकला असतास तर?"

"मग म्हणणार होतो, देशमाने सरांना पिसता येत नाही. येतं का?"

"नाही. आणि तिसऱ्यांदा?"

"अरे, कधीतरी हरलोच असतो ना! पत्ता परत ठेवून काढायचं म्हटलं, की माणूस जन्मभर हरायचा प्रयत्न करू शकतो. तूच शिकवतोस ते."

मी ती सत्ती उलटसुलट केली. माझ्या मनात पहिला विचार आला तो सांगायला मला लाज वाटते. तो असा, की मग एक्का यायची शक्यता तेरात एक नव्हतीच. एक्कावन्नात चार होती. किंचित जास्त. म्हणजे माझी त्या दिवशीची सगळी मांडणी चुकली होती.

दुसरा विचार यायला थोडा वेळ लागला. तो आला आणि आठ दिवस छातीवर ठेवलेला धोंडा कुणी उचलून नेल्यासारखं झालं. मी गुऱ्हाळाच्या पत्र्याला टेकलो आणि हसायला लागलो. वसंतही लागला. गुऱ्हाळवाल्याला वाटलं आम्हाला रस हवा आहे.

"हळू हस," वसंत म्हणाला, "आबा बघतायत. तोंड जरा पाडून चल."

मी जमेल तेवढं तोंड पाडलं. आबांना वाटलं मला पश्चात्ताप झालाय. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "जाऊ द्या सर. तुमी काय करनार." गाडी सुटली. शालनने खिडकीतून सासऱ्यांकडे बघत डोळ्याला पदर लावला. पदराआड काय चाललं होतं ते मला आता ठाऊक होतं.

घरी आलो तर मंदा भाकरी थापत होती. केतकी शेजारी खेळायला गेली होती. मी चुलीपाशी बसलो आणि सगळं सांगितलं, अगदी गुऱ्हाळापासून खिशातल्या सत्तीपर्यंत. मंदाचे हात थांबले नाहीत.

"सत्ती होय?" ती म्हणाली. "शालन तर म्हणाली होती, नव्वी काढून ठेवते."

भाकरी तव्यावर पडली.

"तुला माहीत होतं?"

"शालन दर बुधवारी दवाखान्यात येते. बीपी तपासायला. तिला बीपी नाहीये. पण तेवढाच अर्धा तास तिला घराबाहेर काढता येतो."

"अगं, मग मला का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला गणित येतं हो," मंदा म्हणाली, "नाटक नाही येत. आबांनी एकदा तुमच्या तोंडाकडे बघितलं असतं, तर सगळं कळलं असतं."

"आणि मी आठ दिवस जेवलो नाही ते?"

"ते आम्ही धरलं नव्हतं. पण बरंच झालं. गावाला खरं वाटलं."

तिने भाकरी उलटली, कडेने दाबली. मग म्हणाली, "आणखी एक धरलं नव्हतं. तुम्ही गप्प बसाल ते. वसंतरावांनी घरी जाऊन सांगितलं, तेव्हा शालन आधी जाम घाबरली. म्हणाली, सरांच्या गप्प बसण्यानं आमचं जाणंच बुडालं असतं. आणि मग म्हणे रडत बसली. मला म्हणाली, ताई, सरांना काही न सांगता आपण त्यांना बाहुलं केलं, आणि ते आमच्यासाठी पुन्हा एकटं राहायला निघाले होते."

मंदा परातीतलं पीठ उगाच गोळा करत राहिली.

"तुम्ही खरंच निघाला होता?" तिने विचारलं. माझ्याकडे न बघता.

"एक मिनिटभर," मी म्हणालो. "फार तर दोन."

"हं," ती म्हणाली. तिने तव्यावरची भाकरी माझ्या ताटात टाकली, वर पिठलं वाढलं, आणि दुसरी थापायला घेतली. मी खायला लागलो. तिसरीपर्यंत ती मोजत होती. चौथीला तिने मोजायचं सोडलं आणि पिठाचा डबा जवळ ओढला.